न उचललेला माल

पार्सल ऑफिसात एकवीस वर्षं काढली,
म्हणून नियम वाचताना माझं बोट आपोआप
ओळीखाली सरकतं, पावती तपासावी तसं.
दलशेर समोर उभा. बूट हातात,
घोट्यापर्यंत रेल्वे मैदानाची भुरी माती.
"बस," म्हटलं. बसला नाही.

दोन वर्षांपूर्वी चौथ्या फेरीत त्याचं नाव पुकारलं होतं.
यावलच्या स्टँडवर कुणी बॅनर लावला,
त्यात दलशेरचं दिलशेर झालं.
मग संघाचा एकच फोन आला, मापं विचारणारा:
छाती, कंबर, बुटाचा नंबर.
जर्सी आली नाही. करारही नाही.
काल, एकतीस मे, संध्याकाळी पाच वाजता
त्यांचा हक्क संपला.
तेव्हा भुसावळात चव्वेचाळीस अंश होते
आणि हा गोलपोस्टच्या सावलीत,
म्हणजे चार बोटं सावलीत,
फोन पोटावर ठेवून पडला होता.

मला हे सगळं ओळखीचं.
माल उतरतो, न्यायला कुणी येत नाही,
आधी भाडं चढतं, मग नोटीस निघते,
मग लिलाव.
पण मालाला कुणी वय विचारत नाही.

कलम सात, पोटकलम ख:
करार न झालेल्या खेळाडूस पुन्हा एकदा, आणि एकदाच,
निवडीत उतरता येईल;
मात्र एक जून रोजी
त्याने वयाची वीस वर्षे पूर्ण केलेली नसावीत.

त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून दाखला काढला.
जन्मतारीख, एक जून.
वर्ष मोजलं. बरोबर वीस. आजच.
"गुरुजींनी टाकली," तो म्हणाला,
"आमच्या वर्गात एकोणीस पोरं एक जूनची."
आई सांगते, हा झाला तेव्हा
भरिताची वांगी ऐन भरात होती,
तुरकाठ्यांचा जाळ करून
बाज जवळ ओढली होती.
म्हणजे पौष. म्हणजे अजून एकोणीस.
पण वांग्यांची साक्ष कुठल्या खिडकीवर घेतात?
पहिलीत बसवायला सहा भरायला हवे होते,
गुरुजींनी बोटं मोजली आणि भरवले.
त्या सहा महिन्यांच्या उपकारानं
पोरगा आज म्हातारा ठरला.

"मॅडम, तारीख बदलता येते?"
येते. तहसील, प्रतिज्ञापत्र, राजपत्र,
आणि शेवटी लीगवाल्यांसमोर
वय चोरणारा म्हणून उभं राहणं.
हे मी सांगून टाकलं.
सांगायला नको होतं का, माहीत नाही.

तो दाखल्याची घडी घालू लागला तेव्हा
मी पान उलटलं. सवय.
मागची बाजू कोरी असली तरी मी बघते.
कलम आठ, दीडच ओळ:
जो पुन्हा उतरण्यास पात्र नाही
तो मुक्त खेळाडू समजावा.

"मुक्त म्हंजे?"
"कुठलाही संघ तुला घेऊ शकतो.
यादी नाही, फेरी नाही, पाळी नाही.
तूच कुणालाही फोन लाव."
"आन त्यांनी उचलला नाही तर?"
मला ती पेटी आठवली, लेबल निघून गेलेली,
सहा नंबरच्या फलाटावर,
कुठून नाही, कुठे नाही;
पावसाळाभर आम्ही तिच्यावर बसून चहा प्यायलो.
हे मात्र सांगितलं नाही.

फोन वाजला. दोघंही दचकलो.
हिंगोण्याचा कुणी वर्गमित्र ओरडत होता,
"हॅपी बर्थडे भो! तुलेबी, मलेबी!"
दलशेर हसला. मग हसतच राहिला,
थांबेना, शेवटी खाली बसला.

मी कपाटातून माझे जुने पॅड काढले.
एकाचं बक्कल तुटलेलं, पार्सलच्या सुतळीनं बांधलं.
गुडघा कुरकुरला, त्याला गप्प केलं.
"चल," म्हटलं, "मार."

पहिला मी अडवला.
दुसरा दिसलाच नाही,
मागच्या फळीवर तेवढा आवाज झाला
आणि क्वार्टर्समधली कुत्री भुंकू लागली.