घमेल्यातली नदी

तिकीट साठ रुपये.
खिडकीवर एकानं विचारलं, "दिसणार काय त्यात?"
म्हटलं, काही नाही.
"मग साठ कशाचे ओ?"
याचं उत्तर माझ्याकडंही नव्हतं.
त्यानं दोन घेतली.
बायकोला दिसत नाही, म्हणाला,
ती सांगेल मला काय चाललंय ते.

मंगळवार पेठेत तालमीमागचा हॉल.
सहा माइक, त्यातले चार लग्नाच्या मंडपातून उसने,
आणि मधोमध एक दार.
नुसतं दार, चौकटीसकट, भिंतीशिवाय,
उद्यमनगरातून हातगाडीवर आलेलं.
त्याची कडी रंगराव इंगवल्यांनी निवडली,
बारा वाजवून बघितल्या, अकरा नापास.
"ही रात्रीची कडी हाय," म्हणाले,
"बाकीच्या समद्या दुपारच्या."

रंगराव ब्याऐंशीचे.
सांगलीच्या केंद्रावर तीस वर्षं ते पाऊस होते,
करवंट्यांचे घोडे होते, पत्र्याची वीज होते,
एकदा तर चार भाग सलग
एक मेलेली सासू,
म्हणजे रिकाम्या आरामखुर्चीची कुरकुर.
शेवटी सगळ्यांची नावं सांगायचे, यांचं नाही.
पावसाचं नाव कोण सांगतं?

नाटकाची संहिता कुठंच मिळाली नाही.
रंगरावांच्या ट्रंकेत फक्त आवाजांची वही होती:
पान सात, दार.
पान नऊ, कुत्रं लांब, मग जवळ.
पान अकरा, शांतता, पण घरातली.
त्यावरून आम्ही माणसं शोधत गेलो.
दार वाजलं म्हणजे कुणीतरी आलं,
कुत्रं थांबलं म्हणजे ओळखीचं.
वहाण करकरली म्हणजे पाटील;
पापाच्या तिकटीवरनं नवीकोरी आणली तर वाजेचना,
"ह्यात विंचूच घातलेला न्हाई," रंगराव चिडले,
"असला मुका पाटील कोण ऐकणार?"

प्रयोगाला त्रेसष्ट माणसं.
आम्ही कागद धरून उभे, साध्या कपड्यांत.
डोळे मिटा, असं सुरुवातीला सांगितलं होतं.
कुणी मिटले नाहीत.
सगळे रंगरावांच्या हातांकडं बघत होते,
हातरुमाल झटकून त्यांनी पारवं उडवलं तेव्हा
मागच्या पोरांनी छताकडं मान केली.

मग पान एकवीस. नदी चढते. दोन मिनिटं.
सुईण आणायला निघालेली होडी,
होडीत शमा बागवान, हातात कागद.
रंगरावांनी घमेल्यात हात घातला,
आधी बोटं, मग तळवा, मग कोपरापर्यंत.
माइकमधून पाणी भिंतीला लागलं.
पायरीला लागलं.

तिसऱ्या रांगेत एका बाईनं पाय वर घेतले.
चपला खाली, पाय खुर्चीत.
तिच्या शेजारणीनं घेतले.
मग अख्ख्या रांगेनं, मग चौथीनं,
कुणी कुणाकडं न बघता.
शुक्रवार पेठेतली माणसं होती ती, मला नंतर कळलं,
रंगरावांना तेव्हाच.

त्यांनी हात बाहेर काढला.
धोतराला पुसला.
वहीत अजून दीड मिनिट नदी होती.
कोपऱ्यात हॉल झाडायचा खराटा उभा होता,
तो घेऊन ते वाकले
आणि माइकपाशी फरशी खरवडायला लागले.
खर्र. थांबून, खर्र.
ओला, जड आवाज; कोरड्या फरशीतून
तो कसा काढला, देव जाणे.

गाळ.
उंबऱ्यातला, देवळीतला, शिलाई मशीनच्या पायातला.

शमाकडं यावर वाक्य नव्हतं.
तिनं कागद खाली केला आणि गप्प राहिली,
पान अकरावरची शांतता, घरातली.
एकेक पाय खाली आला.
चपला शोधताना पायांचा आवाज झाला,
तो वहीत नाही.

सुईण पोचली का, बाळ झालं का,
ते आम्ही त्या रात्री केलंच नाही.
कुणी पैसे परत मागितले नाहीत.
रंगराव घमेलं गटारीत ओतत होते,
तेही जपून, आवाज न करता.
दारात तो साठ रुपयेवाला बायकोला विचारत होता,
"शेवटी झालं काय गं?"
ती म्हणाली, "थांब जरा.
अजून वाळायचंय."