बिनचौकटीची टिंबं

मंगळवारी घसा धरला.
तिसरीला बेडूक, कोंबडा, मालगाडी
सगळं आवाजातून दाखवायचं,
घसा बसायचाच.
बुधवारी आवंढा गिळताना कानापर्यंत कळ गेली.
गुरुवारी न्हाणीत
साबणाचा हात पोटावर आला
आणि तिथंच थांबला.

खरखर.
सुताराकडच्या बारीक पॉलिशपेपरची असते तशी.
कोपराच्या घडीत जास्त. काखेत जास्त.

एकोणीस वर्षं मी मुलांना बोटांनी वाचायला शिकवते.
म्हणून वाचून पाहिलं.
अ म्हणजे एकच टिंब, डावीकडे वरचं.
पोटभर नुसते अ अ अ,
पण चौकट नाही.
चौकट नसली की
पहिलं टिंब कुठलं, सहावं कुठलं,
लिहिणाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

फोनवर डॉक्टर तांबोळींनी विचारलं, "लाल आहे का?"
आणि मग त्याच गप्प झाल्या.
मी म्हटलं, हाताला तरी लाल लागत नाहीये.
हसल्या. म्हणाल्या, "या लगेच."

येरवड्याहून घोरपडीपर्यंतची वळणं मला पाठ आहेत.
पुलावर नदीचा वास, मग उजवीकडे
वर्षा-वृक्षांखालचा गारवा, मग रुळांचा धडधडाट.
त्या दिवशी नदी आली
आणि एकदम रिक्षावाला म्हणाला, "ताई, दवाखाना."
मधलं पुणं झोपेत गेलं.
असा थकवा की
काठीसुद्धा दुसऱ्या कुणी धरावी.

"आ करा." बॅटरीची ऊब टाळूवर.
"जीभ. अजून."
मानेखाली त्यांची बोटं गाठी शोधत होती,
चांगली बोटं, घाई नसलेली.
"घशातल्या जंतूंचा ताप असेल, अंगावर उठतो तो.
मोठ्यांना कमी होतो, पण तुम्ही मुलांत असता.
नाहीतर एक विषाणू असतो, महिना महिना दमवणारा.
थायरॉइडही बघून घेऊ.
काही औषध घेतलंत का आपल्या मनानं?"

यशोधनची दाढ काढली तेव्हाच्या
तीन कॅप्सुला उरल्या होत्या ड्रॉवरमध्ये.

पेनाचं बटण टिकटिकलं. दोनदा.
"मग हे पुरळ औषधाचंही असू शकतं.
आधी कॅप्सूल, की आधी खरखर?"

पेपर तपासताना मी मुलांना म्हणते,
क्रम चुकला की अर्ध्या मार्कावर पाणी.
मला क्रम आठवेना.

घशातून कापूस फिरवून नेला. रक्त नेलं.
चार दिवसांनी कापसावर काहीच उगवलं नव्हतं.
"तुमच्या तीन कॅप्सुलांनी पुसलं असेल,
किंवा नव्हतंच," डॉक्टर म्हणाल्या.
"थायरॉइड ठीक आहे. दुसरी गोळी दहा दिवस पूर्ण करा.
नक्की काय, ते कदाचित कळणार नाही."

ताप उतरला. खरखर विरली.
आणि तिसऱ्या आठवड्यात
तर्जनीच्या टोकाला कातडी सुटली,
कांद्याच्या पातळ पापुद्र्यासारखी,
मग मधलं बोट, मग अंगठा.

तेव्हा रेहान आठवला.
मुलाण्यांचा रेहान, दुसऱ्या बाकावरचा.
दिवाळीच्या सुट्टीनंतर
त्याचं बोट माझ्या बोटाखाली धरून
क गिरवत होते, एक आणि तीन, एक आणि तीन,
आणि त्याच्या टोकाचं साल माझ्या हाताला लागलं.
मी ओरडले होते, "नखं कुरतडतोस ना?"
तो काही बोलला नव्हता.

म्हणजे उत्तर तेव्हाच हातात होतं का?
की हेही बिनचौकटीचं एक टिंब?
त्याच्या आईला फोन केला. म्हणाली,
हो, घसा दुखलेला, अंगाला काहीतरी आलेलं,
उष्णता म्हणून सब्जा दिला, बरा झाला.
पोराला आता डॉक्टरांना दाखवून घ्या, एवढंच म्हणाले.
ओरडल्याचं तिला सांगायचं राहिलं.

शाळेत परतले ती अशी,
की पानावरून हात फिरवावा
तर ओळी हातमोज्याआडून बोलतात.
मी म्हटलं, आज बाईंना वाचता येत नाहीये,
कोण वाचून दाखवतं?

बाक सरकला.
रेहाननं आधी माझं बोट चाचपलं,
एकेक टोक, सावकाश,
डॉक्टरांनी गाठी पाहिल्या तसं.
"नवीन आलंय खाली," तो म्हणाला.
"थोडे दिवस टोचेल, बाई.
मला तर अ पण टोचायचा."