वाटाड्या

पहाटे फाटकापाशी रांगेत
दोन जर्मन, एक फ्रेंच जोडपं, आणि त्यांच्या मागे
माझा बाप.
धुतलेला पायघोळ थोब, कमरेला जुना पट्टा,
मुठीत घामेजलेली दिनारची नोट.

'एक,' म्हणाला खिडकीतल्या पोराला,
'इथल्या माणसाचा दर लाव.'
पोरगा म्हणजे माझा मावसभाऊ, अताल्ला.
त्यानं माझ्याकडे बघितलं,
मी पाटीकडे.
पाटीवर नियम: शेळ्या नाहीत, चूल नाही,
आरडाओरडा नाही,
वाटाड्याशिवाय कुणी घळीत उतरायचं नाही.
बाकीच्यांना घेऊन सुवैलम केव्हाच गेला होता.
यादीत उरलो मी.

उतरलो. तो पुढे, मी मागे,
मग आठवलं, पुढे मी असायला हवं.
तो थांबला. वाट दिली.
दगडाला टेकून उभा राहिला अदबीनं,
परक्या गावात राहतो माणूस तसा.

पाणी घोट्याएवढं. दोन्ही अंगांना कण्हेर,
गुलाबी, कडू,
शेळीसुद्धा जिला तोंड लावत नाही.
वर भिंती, गेरूच्या, हळदीच्या, पिकल्या जांभळाच्या,
आणि दीड पुरुष उंचीवर आडवा अडकलेला खजुरीचा ओंडका,
कुठल्याशा पुरानं ठेवून दिलेला,
न्यायला परत यायचं असल्यासारखा.

मी पाठ केलेलं बोलू लागलो.
हा वालुकाश्म. इतक्या इतक्या कोटी वर्षांचा.
हा सरडा निळा दिसतोय तो नर, विणीपुरताच निळा.
ह्या वळणाला आम्ही 'खिडकी' म्हणतो.
तो ऐकत होता. मान हलवत होता,
जर्मन हलवतात तशीच.

मग म्हणाला, 'खिडकी होय?
इथे फिद्दाला कळा लागल्या.'
फिद्दा कोण, मी विचारलं नाही.
आमच्याकडे शेळ्यांना आणि आत्यांना
एकच नावं असतात.

पुढच्या वळणाला तो गप्प.
त्याच्या पुढच्याला मीच थांबलो.
'ह्याचं नाव?'
'मीठ सांडलं ती चढण.'
'आणि ही कपार?'
'ही तुझी.'
'माझी म्हणजे?'
'दोन रात्री पाणी ओसरेना. तू चाळीस दिवसांचा.
मध्ये तू, मग तुझी आई, मग शेळ्या,
उबेला.'
इतकंच.
कपारीच्या तोंडाशी पिवळा त्रिकोण आहे,
वाटेची खूण.
मीच रंगवलाय, मागल्या मार्चमध्ये.

दुपारी डोहाशी बसलो. चहा थर्मासमधला.
'धुराशिवायचा चहा म्हणजे औषध,' म्हणाला,
आणि औषधासारखाच प्याला, एका दमात.

मग उठला, तळवे तोंडाशी धरले
आणि हाक घातली: हर्रर्र ताऽऽ, हर्रर्र ताऽऽ.
पाटीवरचा तिसरा नियम.
शेळ्या विकून वीस वर्षं झाली.
घळीनं हाक उचलली, ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर नेली,
वळणाआड ठेवून आली.
वरच्या कड्यावर एक रानबोकड थबकला,
शिंगं आभाळात.
बघत राहिला. आला नाही.
बाप हसला.
'बरोबर आहे,' म्हणाला, 'हा सरकारी.'

खालच्या फाटकावर अभिप्रायाचा कागद असतो.
वाटाड्या कसा होता? पाच चांदण्या, पैकी किती?
त्याला लिहिता येत नाही. मी वाचत गेलो,
तो सांगत गेला.
'चालतो बरा. बोलतो फार.
पाण्यातलं काही कळत नाही त्याला.'
काही सूचना?
'लिही. मीठ सांडलं त्या चढणीपलीकडे
तिसऱ्या धोंड्याखाली
डावा हात खांद्यापर्यंत घातला
तर ऑगस्टातही पाणी लागतं.'
लिहिलं.
'हे नकाशात जाईल?'
'जाईल.'
'मग खोड.'