चाळीस सेंटिमीटर

शेवटी समुद्र चाळीस सेंटिमीटर चढला.
एवढंच. गुडघ्याच्याही खाली.
ओरोस्पेच्या होडीचा दोर जरा ताणला गेला,
धक्क्यावरचं मासळीचं एक खोकं
सात पावलं सरकून उलटं पडलं.

पण रात्री दोन-सतराला हे कुणाला ठाऊक होतं?

दोन-सतराला चिलीच्या किनाऱ्याबाहेर
खोल कुठेतरी जमीन कुशीवर वळली.
कालेता ला ओइयात कपाटातल्या बश्या बोलू लागल्या,
कुत्री त्याआधीच गप्प झाली होती.

वाल्पाराइसोच्या पहाऱ्याच्या खोलीत
इस्मेनिया बाराओनासमोर आकडा आला: सात पॉइंट सहा.
पुसला गेला. सात पॉइंट नऊ.
थांबावं का अजून एका आकड्यासाठी?
दूर समुद्रात एक पिवळा बोया डुलतो,
त्याच्याखाली साडेचार किलोमीटर काळोखात
तळाशी बसलेलं यंत्र
डोक्यावरच्या पाण्याचं वजन घेत राहतं,
तापातल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून
कुणी रात्र काढावी तसं.
त्याचा निरोप यायला अजून वेळ होता.
किनाऱ्याला नव्हता.
तिने इशारा सोडला. कॉफीवर साय धरली होती.

गावातले सगळे फोन एकदम किंचाळले,
उशीखालचे, चार्जिंगचे, पँटच्या खिशातले,
आणि एक मेलेल्या एलादियोचा,
जो त्याची बायको अजून रोज चार्ज करते.

भोंगा मात्र घसा खाकरत राहिला.
मिठाने खाल्लेला, तोंडात पक्ष्यांची काटकी-कचरा.
दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी
नोल्बेर्तो तो वाजवून बघतो
आणि गावाच्या शिव्या खातो.
त्याने पान्याचे दोन तडाखे दिले. मग वाजला.

चढावर पाट्या: लाटेपुढे पळणारा पांढरा माणूस.
पोरं त्याला दोन आपूरो म्हणतात, म्हणजे घाईबुवा.
वरच्या शाळेच्या फाटकाच्या अकरा किल्ल्या
अकरा घरांत आहेत.
पूर्वी एकच होती.
त्या एका किल्लीबद्दल इथे कुणी बोलत नाही.

पटांगणात एकशे त्रेसष्ट माणसं हवी होती.
एकशे बासष्ट भरली.
पुन्हा मोजली. मग अंधारातून
एउदोसिया आली, हातात सूपाचं पातेलं, झाकण बांधलेलं.
"गॅस बंद करायला थांबले," म्हणाली,
आणि शिक्षिकेने तिला आधी झापलं,
मग घट्ट धरून ठेवलं,
सूप दोघींच्या अंगावर सांडेपर्यंत.

पहाटे पाचला इशारा उठला.
"यंदा तिसऱ्यांदा," बास्तियान कुरकुरला, "उगाचच."
थंडीने त्याचे दात वाजत होते.
एउदोसियाने उत्तर दिलं नाही.
ती उतरणाऱ्यांच्या पाठी मोजत होती,
बोटांच्या पेरांवर, ओठ न हलवता.

तिकडे इस्मेनिया सकाळच्या बसने घरी निघाली.
मागच्या सीटवर दोघं बोलत होते,
रात्रभर झोपेचं खोबरं, आणि झालं काय, काही नाही.
तिने काचेला कपाळ टेकलं.
काही नाही.
हे दोन शब्द ती पुढच्या थांब्यापर्यंत
जिभेवर घोळवत राहिली.

धक्क्यावर नोल्बेर्तोने खोकं सुलटं केलं,
आतलं पाणी ओतलं,
एक खेकडा निघाला, तोही तिरका, घाईत.
मग शिडी खांद्यावर घेतली, तेलाची बुधली शोधली.
परवा बुधवार. पुन्हा वाजवायचाय.