दुसरी फळी

दारावर कागद लागलाय. ऑगस्टची नऊ तारीख.
पहिल्या रकान्यात पाच नावं, शाईनं.
दुसऱ्यात तीन, पेन्सिलीनं.
तिसरा रकाना कोच हॅवलिकनं आखला आणि तसाच सोडला,
न येणाऱ्या पाहुण्यासाठी पान मांडून ठेवावं तसा.

मी या शाळेचे कपडे धुते, बावीस वर्षं.
नेब्रास्कातलं गाव, दोन्ही अंगांना मका,
पूर्वेचा वारा आला की कत्तलखान्याचा वास,
पश्चिमेचा आला की दातात धूळ.
मला डावपेच कळत नाहीत.
डाग कळतात.

चेंडू फेकणाऱ्याच्या बाहीवर गवताचा एखादा ओरखडा,
पळणाऱ्याच्या गुडघ्यांना माती.
पण हे पाच, जे सगळ्यांच्या पुढे वाकून उभे राहतात,
त्यांच्या छातीवर दुसऱ्याच्या हेल्मेटचा रंग उतरलेला असतो.
तो निघत नाही. उकळत्या पाण्यानं नाही, सोड्यानं नाही.
आणि त्यांचं नाव रेडिओवर येतं
ते चूक झाली तरच.

ब्रँट ह्रुश्का: मोजे वाळायला दीड दिवस.
लिबान वारसामे: उंची आली, अंग यायचंय,
त्याची आई खिशात खजुराची पुडी ठेवते, बिया मला सापडतात.
कोल्बी पोकोर्नी रोज एक हातमोजा हरवतो.
डावा.
डेन श्मिट. याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही,
कोच म्हणतो, लाइनमध्ये असा एक लागतोच.
आणि मधोमध वेड व्होंद्रा,
ज्याच्या हातून प्रत्येक डाव सुटतो.

मंगळवारी खिडकी उघडी होती, मला आवाज आला.
ओली फांदी मोडावी तसा, आणि मग कुणीच शिट्टी वाजवली नाही.

त्या संध्याकाळी हॅवलिक दाराशी उभा,
कानामागं पेन्सिल, बुटांवर खोडरबराचा चुरा.
पोकोर्नीला मध्ये आणलं, तर गार्डची जागा रिकामी.
लिबानला आत सरकवलं, तर बाहेरची कड उघडी.
एकीकडं सांधावं तर दुसरीकडं उसवतं,
हे त्याला मी सांगितलं असतं, फुकट.
त्यात पोकोर्नीचा चेंडू डोक्यावरून जातो,
क्वार्टरबॅक उड्या मारतोय बेडकासारखा.
सकाळी पाहिलं तर कागदावर एकच नाव तीन ठिकाणी:
एलिहिओ, एलिहिओ, एलिहिओ.

एलिहिओ त्सोक. सदुसष्ट नंबर.
दोन सीझन त्याची जर्सी माझ्याकडं आली
ती दुकानातून आणल्यासारखी.
तरी मी धुतली. प्रत्येक वेळी.
नुसती घडी घालून परत दिली असती
तर त्याला वासावरून कळलं असतं.

त्याची आई दुसऱ्या पाळीला, सुटते अकराला.
तोवर तो इथं बसतो, मशीनांच्या उबेत गृहपाठ करत.
आता वही बंद.
टॉवेलची गुंडाळी करतो, वरून टेप,
वाकतो, आणि दोन पायांमधून मागं.
ड्रायरच्या काचेवर थाड.
थाड.
तिसऱ्या रात्री म्हणाला, मिसेस येझेक,
मागं उभ्या राहाल का? काच हात पुढं करत नाही.

एकसष्टाव्या वर्षी मी क्वार्टरबॅक झाले.
टॉवेल ओला होता. पोटात बसला.

कपड्यांच्या टोपलीवर वेड, कुबड्या भिंतीला टेकलेल्या,
गुडघ्यावर माझ्याच फ्रीजमधला बर्फ.
बराच वेळ गप्प होता. कुरतडत होता नखं.
मग म्हणाला, चेंडू सोडायच्या आधी तू श्वास धरतोस.
समोरच्याला दिसतं ते.
एलिहिओनं पुन्हा केलं. पुन्हा धरला.
परत, वेड म्हणाला. परत.

पहिली मॅच अकरा दिवसांवर आहे.
तिसरा रकाना अजून कोराच.
आठातून एक गेला, उरले सात.
सातांचे सगळे कपडे
माझ्या मोठ्या मशीनमध्ये एका खेपेत मावतात.
मावू नयेत असं वाटतं.
झाकण लावते, बटण दाबते,
मागून आवाज येतो:
परत.