पोपटी

वीज गेली ती बरोब्बर साडेआठला.
पंखा दोन फेरे उगाच फिरला, थांबला.
गल्लीभर शिव्या. बसऱ्यात ऑगस्टमध्ये
अंधारालाही घाम फुटतो.
उस्ता मुहैसिन तेवढा खूश.
"आता दिसेल," म्हणाला. "पोरा, दिवा आण."

टॅक्सी खजअलची. पिवळी, इराणी बनावटीची,
पायाशी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.
या उन्हाळ्यात तीनदा गॅस भरलेला,
तीनदा गायब.
दर वेळी नवं दुकान, तेच बिल.
मागची गिऱ्हाईकं अशारच्या बाजारापर्यंत कळ काढायची,
मग काच खाली करून म्हणायची,
"एसी आहे म्हणालास ना रे?"
आणि खजूर पिकवणारा वारा
भाडं न देता आत बसायचा.

"गॅस पितो हा एसी," खजअल म्हणाला.
"पीत नाही. गॅस काही पेट्रोल नव्हे, संपायला.
तोच तो फिरतो बंद नळीत, जन्मभर.
कमी झाला म्हणजे गेला कुठून तरी.
आणि तू आपला भरत बसलास.
रोग रेड्याला, औषध पखालीला."
उस्ता दलदलीकडचा.
रेडे त्याने पाळलेले, पखाली वाहिलेल्या.

दुपारी साबणाचा फेस लावून झाला होता
एकेका सांध्यावर, दाढीच्या ब्रशने.
बुडबुडा म्हणून आला नाही.
इतकं बारीक गळत होतं
की फेसालाही पत्ता लागू नये.

आता पिवळा चष्मा, जांभळा दिवा.
बॉनेटखाली दिवा धरला आणि मी ओरडलोच.
सगळं पोपटी पेटलेलं.
नळ्या, बोल्ट, बॅटरीची कड, रेडिएटरचं टोपण.
"एवढं गळतंय?" खजअलचा आवाज बसला.
"छे. हे गळणं नव्हे, हे मेकॅनिक."
तिन्ही दुकानांनी नळीत रंग सोडला होता,
तिन्ही दुकानांनी हात पुसले होते
मिळेल तिथे.
एका पाइपवर चार बोटं स्वच्छ उमटलेली,
कुणाची, देव जाणे.

मग पुसणं. त्याच्याकडे स्पिरिट, माझ्याकडे चिंधी.
एकेक पोपटी विझवत गेलो
शेवटच्या बोटापर्यंत.
इंजिन चालू. एसी चालू. दिवा बंद.
शेजारचा जनरेटर धडधडू लागला.
"बल्ब लावू, उस्ता?"
"हात लावून तर बघ."

दहा मिनिटं. वीस.
खजअलच्या जपमाळेचे मणी तेवढे ऐकू येत होते.
पुन्हा जांभळा उजेड. काळं, काळं, काळं,
आणि कंडेन्सरच्या सांध्याखाली
एक ठिपका.
राजगिऱ्याएवढा.
बघता बघता मोहरीएवढा.

"आता लाव बल्ब."
उरलासुरला गॅस टाकीत ओढून घेतला,
सांधा उकलला, आतली रबरी रिंग
उस्ताने चिमट्याने माझ्या तळहातावर ठेवली.
खारकेच्या बीसारखी कडक.
नखाने दाबली तर मोडली.
नव्या रिंगला तेलाचं बोट. दोन बोल्ट.
पंप लावून अर्धा तास नळ्या कोरड्या केल्या,
पंप बंद करून अर्धा तास
तिघांनी मिळून एका काट्याकडे पाहिलं.
चहा निवला. काटा हलला नाही.
मग गॅस, वजनकाट्यावर, सोनाराच्या हाताने.

"रिंगचे किती?"
"रिंगचे काय घ्यायचे. अंधाराचे दे."
खजअलने जाळीपुढे तोंड धरलं
आणि बराच वेळ काढलंच नाही.

घरी दोनदा हात धुतले, साबणाने.
दिवा मी खिशातून आणला होता, न विचारता.
रात्री पुन्हा वीज गेली तेव्हा पेटवला.
कडीवर माझा अंगठा. माठावर माझा अंगठा.
झोपलेल्या धाकटीच्या गालावर
पोपटी, अख्खा, रेषांसकट.
चिंधी ओली करून तो पुसायला गेलो
तर मानेवर
आणखी एक उमटला.