तीनच गाड्या

शुक्रवारी, नऊच्या गोळ्या वाटून झाल्या की
व्हर्लाबाई म्हणतात, लाव गं माझा सिनेमा.
माझा म्हणजे एकसष्ट मिनिटांतले अकरा सेकंद.
नाव काय होतं ते त्यांनाही सांगता येत नाही,
पहिल्या रिळाचं टोक कधीच तुटून गेलंय,
त्यामुळे चित्र उघडतं ते एकदम धुळीत
आणि धुळीतून कापडी छताच्या गाड्या निघतात पश्चिमेला.

मोज, बाई म्हणतात.
मी मोजते. चौदा.
तीनच होत्या, खुदकन हसतात,
टेकडीमागून वळसा घालून पुन्हा पुढून यायच्या.
दर फेरीला कापडावर कॉफीचा नवा डाग.
मला एकदा टोपी घातली, एकदा काढली,
त्या दिवशी मी तीन घरांची मुलगी होते.

काखेत कळसा नि गावाला वळसा, मी पुटपुटते.
अर्थ सांगावा लागतो. त्यांना तो फार आवडतो.
कारण पडद्यावर ओरेगनची म्हणून उभी असलेली बर्फाची रांग
दिवसा आमच्याच खिडकीतून दिसते,
बिशप गावातल्या या वृद्धाश्रमाच्या, कपडे वाळत घालतो तिथून.

तान्हं छातीशी धरलेली आई:
तान्हं म्हणजे पाच पौंड घेवड्याची पिशवी,
रात्री तीच शिजवून सगळ्यांना वाढली.
नायकाला दोन डॉलर जास्त, स्वतःचा घोडा आणला म्हणून.
घोडा बरा होता, बाई म्हणतात.

मग म्हातारा वाटाड्या गुडघ्यांवर बसतो, ओंजळ भरतो:
पाणी! इथंच राहू आपण!
ते पाणी टँकरचं.
दरीतली खरी नदी तोवर नळातून
लॉस एंजेलिसला गेली होती,
आणि तिच्या आधी, कितीतरी आधी,
पायूट लोकांनी खणलेले पाट होते इथं.
हे सिनेमात नाही. हे मला लेस्टरच्या नातीनं सांगितलं,
ती सोमवार-बुधवार स्वयंपाकघरात असते.

लेस्टर चाळिसाव्या मिनिटाला येईल, कड्यावरून, ओरडत.
पुढचे दोघे रंग फासलेले, फ्रेझ्नोचे इटालियन भाऊ.
मागचा तो, खरा इथला,
म्हणून त्याचा चेहरा दिसेल इतका जवळ कॅमेरा जात नाही.
तीनदा पडून मेला. एका मरणाचा दीड डॉलर.
संध्याकाळी बसमध्ये जागा नव्हती, चालत गेला.

पण त्याआधी, छत्तिसाव्या मिनिटाला,
आठ वर्षांची व्हर्ला, गाडीच्या मागच्या फळीवर,
सरळ कॅमेऱ्याकडे बघते. चूकच ती,
पण फिल्म महाग, तशीच ठेवली.
तिचे ओठ हलतात. आवाज नाही.

काय म्हणत होतात? मी दर वेळी विचारते.
मागच्या शुक्रवारी म्हणाल्या, भूक लागलीय.
त्याच्या आधी, आईला सांग शू आलीय.
आज कितीतरी वेळ काहीच नाही.
मी रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळते, हवा भरते.

लेस्टरला हाक मारत होते गं. ऊठ म्हणून.

पण तो तर अजून आलाच नाही, मी म्हणते,
त्याला चार मिनिटं आहेत.

मरणं सकाळीच उरकली होती, बाई म्हणतात,
उजेड चांगला होता म्हणून.
तो दुपारीही तसाच पडून होता,
कट म्हटलेलं त्याला ऐकूच आलं नव्हतं.